दलालीत उतरायचंय? आधी कागद वाचायची सवय लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे तिशीच्या आतले, एका बँकेच्या कर्ज विभागात नोकरीला, राहायला पुण्यातच. नोकरी सोडून ऑफिसं, दुकानं, गोदामं यांच्या दलालीत यायचं म्हणतात. दिवसभर नेमकं काम काय असतं, पैसा कसा आणि कधी येतो, घरच्यांचं काय होतं, आणि सुरुवातीला मुहूर्त कोणता धरावा, हे त्यांना हवंय.

मी या धंद्यात वीसेक वर्षं आहे. त्याआधी शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वकिलांकडे करारनामे टाइप करायचे. माझं उत्तर थोडं कागदांकडे झुकलेलं वाटलं तर त्याचं मूळ तिथे आहे.

जागा दाखवणं हे यातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी वेळ खाणारं काम. वेळ जातो तो व्यवहार कुठे अडकणार हे हुडकण्यात. अडचण प्रत्येक जागेत असते. टोकनच्या, म्हणजे जागा धरून ठेवायला दिलेल्या रकमेच्या, आधी सापडली तर सगळ्यांचे पंधरा दिवस वाचतात. टोकननंतर सापडली तर भांडण. आणि फर्निचर लागल्यावर सापडली तर पार्टी तुमचं नाव गावभर करते.

बाणेरला हॉटेल काढायला तिघे आले होते. एक स्वतः स्वयंपाकी, दोघे पैसे घालणारे. गाळा देखणा होता: कोपऱ्याचा, दर्शनी भाग मोठा, समोर दुचाक्या लावायला ऐसपैस जागा. पैसेवाले दोघे बोर्ड कुठे लावायचा यावर बोलायला लागले. स्वयंपाकी मात्र मान वर करून मागच्या भिंतीकडे बघत होते. "मॅडम, धूर कुठून काढायचा?" मी म्हटलं, हाच प्रश्न मी काल सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलाय. वर पाच मजले घरं. चिमणीचा डक्ट गच्चीपर्यंत न्यायचा तर आतून वाट नव्हती. बाहेरून न्यायचा तर तो ज्यांच्या खिडकीशेजारून जाणार त्या सगळ्यांची लेखी संमती हवी. सेक्रेटरी फक्त "बघू" म्हणाले होते, आणि पुण्यातल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं "बघू" म्हणजे "नाही". हे मी त्यांना त्याच गाळ्यात उभ्या उभ्या सांगितलं. दोघांचे चेहरे पडले, स्वयंपाकी हसले. पुढे त्यांनी वर एकही घर नसलेल्या, पूर्ण व्यापारी इमारतीत जागा घेतली. भाडं जास्त, गाळा जरा आत वळलेला. पण तिथे ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी) बसत होता, सिलिंडर बाहेर ठेवायची सोय होती आणि अग्निशमन दलाच्या ना-हरकतीत काही आडवं येत नव्हतं.

असं प्रत्येक धंद्याचं दुखणं वेगळं असतं. बँकेला तळमजला लागतो, लॉकर आणि स्ट्राँगरूमचं वजन झेलणारी फरशी लागते, एटीएमला रस्त्यावरून सरळ दार लागतं. सरकारी बँका पेपरात जाहिरात देऊन तांत्रिक आणि दराची अशी दोन पाकिटं मागवतात आणि दलाली देणार नाही हे त्यातच छापतात. तिथे जे काही ठरवायचं ते मालकाशी आधी आणि लेखी. क्लासवाल्यांना मुलांच्या गाड्या लावायला जागा आणि शक्यतो दुसरा जिना. डॉक्टरांना स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट. डॉक्टरांचं आणखी एक आहे, ते पुढे जीएसटीत सांगते.

आता कागद. तुम्ही कर्ज विभागात आहात म्हणजे सर्च रिपोर्ट (मालकीची तपासणी), इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), भोगवटापत्र (इमारत वापरायची परवानगी) हे शब्द रोजचे. या धंद्यात नव्याने येणाऱ्या बहुतेकांना ते नसतात, हे तुमचं भांडवल. भाड्याच्या जागेचे कागद बघायचे ते मात्र वेगळ्या डोळ्यांनी. मंजूर नकाशा मागवा आणि ज्या ठिकाणी आज शटर आहे त्या ठिकाणी नकाशात काय लिहिलंय ते बघा. पुण्यात असे गाळे मुबलक आहेत जे नकाशात पार्किंग आहेत. पुढची शेड फ्रंट मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीपुढे मोकळ्या सोडायच्या जागेत असते, बाजूचं स्वयंपाकघर साइड मार्जिनमध्ये, आणि मालक त्या शेडचंही भाडं चौरस फुटाने लावत असतो. महापालिकेची गाडी आली की शेड जाते, भाडं तेवढंच राहतं. मी अशा जागेचं भाडं फक्त पक्क्या बांधकामावर ठरवायला लावते. मालक तयार नसेल तर ती जागा मी कोणाला दाखवत नाही. यात माझे व्यवहार गेलेत, जाऊ देत.

मीटरही बघा. महावितरणचं बिल हातात घ्या: दर घरगुती की व्यापारी, मंजूर भार किती, थकबाकी किती. इंटिरियर करणारा माणूस चार एसी लावून मोकळा होतो आणि भार वाढवून घ्यायला लागणाऱ्या आठवड्यांचा हिशोब कोणीच धरलेला नसतो.

भाव कळण्यासाठी मालकाला विचारू नका, शेजारच्या गाळेवाल्याला तर नाहीच. मालक मागतो तो भाव आणि करारात पडतो तो भाव यांत अंतर असतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे. त्याच इमारतीतले नोंदवलेले भाडेकरार काढून वाचा. मी वाटाघाटीला बसायच्या आदल्या रात्री हे करते. दुसऱ्या दिवशी मालक आकडा बोलला की मी गप्प बसते, एवढंच पुरतं.

चटई क्षेत्र (प्रत्यक्ष वापरायची जागा) आणि लोडिंग (जिने, लॉबी वगैरेंपोटी त्यावर चढवलेले फूट) यांचा घोळ तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल, म्हणून आकड्यांत सांगते. कंपनीला प्रत्यक्ष वापरायला १,००० चौरस फूट हवंय. पहिली इमारत ८० रुपये दर सांगते, पण आकारते १,५०० फुटांवर: १,२०,०००. दुसरी ९५ रुपये सांगते, आकारते १,२५० वर: १,१८,७५०. ज्याच्या डोक्यात ८० बसलाय तो दुसरी जागा बघायलाच येत नाही. वर देखभाल खर्चही त्याच फुगवलेल्या फुटांवर लागतो. १२ रुपये धरले तर पहिल्या जागेत १८,०००, दुसरीत १५,०००. दर महिन्याला सव्वाचार हजारांचा फरक, आणि तोही "महाग" जागेच्या बाजूने. टेप घेऊन जा, भिंत ते भिंत मोजा. लेझरचं यंत्र आता स्वस्त आहे, पण पुण्यातले जुने मालक लेझरपेक्षा टेपवर विश्वास ठेवतात.

कायद्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मालकांची भीती तिथून येते. इकडे बहुतेक व्यवहार लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर होतात, जास्तीत जास्त ६० महिने. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क फार नाही: एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. म्हणजे १ लाख भाडं, ६ लाख डिपॉझिट, पाच वर्षं, भाडं स्थिर: ६० लाख अधिक ३ लाख, त्यावर १५,७५०. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एवढे पैसे वाचवायला नोटरीवर काम भागवणारे लोक आहेत, आणि नंतर तेच माझ्याकडे येऊन "भाडेकरू हलत नाही" म्हणतात.

मालकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते: मुदत संपली, जागा सोडली नाही, तर दुप्पट भाडं आणि झटपट ताबा. ते कलम २४. आणि ते राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकान, ऑफिस दिलं असेल तर तो सोपा रस्ता नाही, दिवाणी दावा लावावा लागतो. म्हणून मुदतीनंतरचा दंड करारातच स्पष्ट लिहून घ्यावा लागतो. दुसरीकडे कलम ३ नुसार बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी किंवा जास्त असलेल्या कंपन्या यांना या कायद्याचं संरक्षणच नाही. घाबरट मालकाला हे समजावलं की तो मोठ्या कंपनीला जागा द्यायला तयार होतो. माझे कित्येक व्यवहार या एका वाक्यावर झालेत.

जीएसटी: व्यापारी भाड्यावर १८ टक्के. मालकाची नोंदणी नसेल आणि भाडेकरूची असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर भाडेकरूनेच उलट आकारणीने भरायचा असतो. कंपनीला तो बहुधा वजावटीत परत मिळतो. डॉक्टरांना नाही, कारण वैद्यकीय सेवा करमुक्त, वजावट घेणार कशातून? दवाखान्यासाठी जागा शोधताना मी नोंदणी नसलेला मालक आधी बघते. स्वतः डॉक्टरांचीही नोंदणी नसेल तर १८ टक्क्यांचा प्रश्नच मिटतो. आणि मालक परदेशात असेल, तर भाडेकरूला १० ऐवजी ३० टक्के अधिक उपकर असा टीडीएस कापावा लागतो. कोथरूड, सहकारनगर, औंधमध्ये किती गाळ्यांचे मालक न्यू जर्सीत बसलेत हे तुम्हाला माहीत असेलच. आई-वडील इकडे, त्यांच्याकडे कुलमुखत्यारपत्र, आणि शेवटचा शब्द तिकडच्या सुनेचा. कोण ठरवतं हे ओळखायला वेळ लागतो. जो जास्त बोलतो तो सहसा ठरवत नाही.

शहर बघायचं तेही वेगळ्या वेळी. हिंजवडीची जागा दाखवायला बरेच दलाल दुपारी एकला नेतात, रस्ता मोकळा असतो. मी सकाळी साडेनऊला नेते. भूमकर चौकातच अर्धी चर्चा होऊन जाते. ज्यांचे कर्मचारी रोज त्याच वेळी येणार आहेत त्यांनी ते आत्ताच सोसून बघावं, म्हणजे लॉक-इनच्या (जागा सोडता येत नाही त्या मुदतीच्या) दुसऱ्या वर्षी मला फोन येत नाही. गर्दीच्या रस्त्यांवर सम-विषम तारखेचं पार्किंग असतं, तिथे दोन्ही तारखांना एकेक फेरी मारायची. एका बाजूला गाड्या लागल्या की समोरच्या दुकानाचा गल्ला बदलतो. मेट्रोचं विचाराल तर वनाज ते गरवारे मार्ग ६ मार्च २०२२ ला सुरू झाला तेव्हापासून कर्वे रस्त्यावरचे मालक "मेट्रो आली" म्हणून भाडं वाढवून सांगतात. मी विचारते, जिना कुठे उतरतो? स्टेशनचा जिना ज्या फुटपाथवर उतरतो तिथली दोन-चार दुकानं तरली. दोन स्टेशनांच्या मध्ये ज्यांच्या बोर्डासमोर खांब आलाय त्यांना मेट्रोने काय दिलं?

पेठांतल्या जुन्या वाड्यांचे पागडीचे (एकरकमी पैसे घेऊन जुन्या भाडेहक्काने दिलेले) गाळे हे स्वतंत्र प्रकरण आहे. पहिली काही वर्षं तिकडे फिरकू नका. गोदामांची चाकण-तळेगाव बाजू मोठी आहे, पण तो ट्रकांचा, जमिनीच्या एनएचा (बिगरशेती परवानगीचा) आणि ग्रामपंचायतींचा धंदा. त्याला वेगळा माणूस लागतो.

आता पैसा. रिवाज असा की भाड्याच्या व्यवहारात एक महिन्याचं भाडं, लहान जागांत दोन्ही बाजूंकडून. मोठ्या कंपन्या बहुधा काही देत नाहीत, मालक देतो. मध्ये दुसरा दलाल असेल तर साइड बाय साइड, म्हणजे ज्याची पार्टी त्याची दलाली. विक्रीत टक्का-दोन टक्के. पार्टी २ टक्के टीडीएस कापून देते, तुमची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की तुम्हालाही जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात पैसा तीन वेळा लांबतो. करार होईपर्यंत, ताबा मिळेपर्यंत, आणि मग "पहिलं भाडं सुरू झालं की देतो" म्हणेपर्यंत. फिट-आउटचे, म्हणजे आतली सजावट करायचे, दोन-तीन महिने भाडं माफ असेल तर तुमची दलालीही तेवढी मागे. म्हणून दलालीचं पत्र जागा दाखवायच्या आधी सही करून घ्यायचं आणि त्यात "नोंदणीच्या दिवशी" हे शब्द असायलाच हवेत. नोंदणीसाठी अंगठ्याचे ठसे घ्यायला यंत्र घेऊन येणारा मुलगा गेला की दोन्ही पार्ट्यांच्या स्मरणशक्तीवर परिणाम होतो.

पार्ट्या डायरेक्ट होतात हेही खरं. दलालाने जागा दाखवली, आठवड्याने दोघांनी परस्पर चहा घेतला, व्यवहार झाला. माझ्याही बाबतीत झालंय, अगदी सुशिक्षित घरांत. कोर्टात कोणी जात नाही, वेळ जास्त जातो. उपाय एकच, जागा दाखवल्याच्या संध्याकाळी दोघांनाही मेल: कोणती जागा, कोण आलं, किती वाजता. मेल बघितल्यावर निम्म्या लोकांची हिंमत होत नाही. उरलेले निम्मे माझ्याकडे पुढच्या जागेसाठी आले की मी फार आदराने त्यांना दुसऱ्या दलालाचा नंबर देते.

२०२० नंतर एक बदल झालाय तो लक्षात ठेवा. टाळेबंदीत ऑफिसं बंद, भाडं चालू, आणि आपत्तीच्या कलमात भाड्याबद्दल अवाक्षर नाही, असे करार मी पुन्हा पुन्हा वाचलेत. आता दोन्ही बाजूंचे वकील त्या कलमावर तासभर बसतात. आणि आठ-दहा माणसांच्या छोट्या ऑफिसांचं गिऱ्हाईक को-वर्किंगकडे (खुर्चीवार भाड्याने मिळणाऱ्या तयार ऑफिसांकडे) वळलंय. तिथे खुर्चीमागे पैसे मिळतात, कमी पण लवकर. नवख्याला महिना काढायला बरं आहे.

घरचं. तुमचा पहिला चेक यायला सहा महिने लागू शकतात, त्यानंतरचा कधी येईल ते सांगता येत नाही. आमच्याकडे घरखर्च नवऱ्याच्या पगारावर चालतो आणि माझ्या दलालीला महिन्याच्या हिशोबात कोणी धरत नाही. ती आली की कर्जात किंवा मुदत ठेवीत जाते. हे लग्नानंतर लगेच ठरवलं म्हणून घरात पैशांवरून आवाज चढला नाही. तुमच्या घरी दुसरा पगार नसेल तर वर्षभराचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नका. कर्जाचे हप्ते त्यात धरून.

फोन वाजत राहतो. न्यू जर्सीवाल्यांचा रात्री, व्यापाऱ्यांचा सकाळी दुकान उघडायच्या आधी, कंपनीवाल्यांचा शुक्रवारी संध्याकाळी. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा नियम माझ्या मुलीने केला, ती सहावीत असताना. मी तो पाळते, बहुतेक वेळा. आणि बाहेर जेवायला गेलो की मी टेबलं मोजते, भाड्याचा अंदाज करते, "हे दोन वर्षं टिकणार नाहीत" म्हणते. मग नवरा मेनूकार्ड माझ्यासमोर उभं धरतो. एखादं बंद शटर दिसलं की गाडी आपोआप हळू होते. ही खोड जात नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती घालवायची नाही. रिकाम्या गाळ्यांची बातमी पोर्टलवर येते तोवर वॉचमनला, अमृततुल्यवाल्याला आणि कुरियरच्या पोराला महिनाभर आधी माहीत असते. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न "चावी कोणाकडे आहे?" हाच असतो, आणि त्याचं उत्तर या तिघांपैकी एकाकडे नक्की.

तर सुरुवात कशी करायची? एकच पट्टा घ्या, चालून संपेल एवढा. नळ स्टॉप ते कर्वे पुतळा म्हणा, किंवा बालेवाडी हाय स्ट्रीटच्या आजूबाजूचा भाग. प्रत्येक इमारतीची वही करा: मालक कोण, भोगवटापत्र आहे का, शेवटचा नोंदवलेला भाडेकरार कितीचा, मुदत कधी संपते. मुदत हाच खरा माल. ज्याचा करार येत्या मार्चमध्ये संपतोय त्याच्याशी आत्ता बोलणारा एखादाच असतो. नव्या प्रकल्पातले गाळे विकायचे असतील तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) दलाल म्हणून नोंदणी आणि त्याआधीची परीक्षा लागते, नुसत्या भाड्याच्या व्यवहारांना नाही. तरी परीक्षा देऊन ठेवा, अवघड नाही.

मुहूर्त विचारला आहे म्हणून सांगते. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेला सगळे टोकन देतात, त्या दिवशी तुम्हाला कोणी उभं करणार नाही. गणपतीच्या दहा दिवसांत मध्य पुण्यात जागा दाखवायला जाऊच नका. तुम्ही पितृपक्षात सुरू करा. त्या पंधरवड्यात पुण्यात कोणी टोकन देत नाही की घेत नाही, दलाल गावी जातात, मालक घरी मोकळे असतात. चहा मिळतो, कागद बघायला मिळतात, चावीही मिळते.